आप्पांच्या हाकेची रिंगटोन

आमच्या घरात भिंतीवर घड्याळ होतं, पण त्याच्याकडं बघायचं कुणाला काम पडत नसे. कसबा बावड्यातल्या आमच्या घराला गोठा चिकटूनच होता, मधे एकच भिंत, आणि त्या भिंतीला माझी उशी. त्यामुळं माझ्या लहानपणची सकाळ म्हणजे आधी दाव्याच्या कड्यांची खुळखुळ, मग रिकाम्या चरवीत पडणारी पहिली धार, मग चरवी भरत आली की जाड होत जाणारा तिचा आवाज, आणि या सगळ्यावर आप्पांचं बोलणं. आप्पा, म्हणजे माझे वडील, माणसांशी फार बोलत नसत. आईशी "जेवाण", माझ्याशी "अभ्यास", दादाशी तर नुसता हात हलवायचे. पण म्हशींशी बोलायला लागले की थांबायचं नाव नाही. "काय गं, रुसलीस व्हय? सरकी कमी पडली काल? आगं, मग सांगायचं न्हाय का?" असं अर्धा अर्धा तास चालायचं. आई चुलीपाशी भाकरी थापत म्हणायची, "ह्यातलं चार शब्द मला बोलला असतासा तर माझं आयुष्य सुधारलं असतं." आप्पा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. मग चरवी आत यायची, आई त्यातलंच दूध घालून घट्ट चहा करायची, आणि शिळी भाकरी त्यात बुडवून खाल्ल्याशिवाय मी कॉलेजला गेलेली मला आठवत नाही. आता डॉक्टरांनी मला दूध बंद केलंय. बिनदुधाचा चहा पिताना मी रोज त्या डॉक्टरांना मनातल्या मनात दोन शिव्या देते.

गोठ्यात पाच म्हशी होत्या, पण जीव होता तो गुलाबवर. गुलाब पंढरपुरी, शिंगं मागं वळून पार पाठीपर्यंत गेलेली, डोळे काजळ घातल्यासारखे. ती रेडकू असताना तिची आई गेली, तेव्हा आप्पांनी बाटलीनं दूध पाजून तिला वाढवलं. तिला बोलवायची आप्पांची एक हाक होती: "ये गं गुलाबे, य्योऽ य्यो य्यो!" शेवटचा 'य्यो' असा वर उचलायचे की नदीकाठच्या मळ्यातसुद्धा ऐकू जावा. हाक कानावर पडली की गुलाब असेल तिथनं निघायची, मधे ट्रॅक्टर येऊ दे नाहीतर लग्नाची वरात. आणि आली की आप्पांच्या खिशातला गुळाचा खडा तिच्या तोंडात, एक हात कपाळावर. यात कधी खंड नाही. सदऱ्याचा तो खिसा कायम चिकट, मुंग्या लागलेला, आणि धुताना आईची कटकट. मी सात-आठ वर्षांची असताना एकदा गंमत म्हणून आप्पांसारखी हाक मारली. गुलाब आली. मी हसत पळून गेले. आप्पांनी मला गोठ्यात परत आणलं, रागावले नाहीत, फक्त म्हणाले, "हाक मारलीस न्हवं? मग दे आता काहीतरी. रिकामी हाक मारायची न्हाय कुणाला." मी स्वयंपाकघरातनं गूळ आणून दिला तेव्हाच मला सोडलं.

दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडं म्हशींचा मान असतो. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं तर तो हसतो, म्हणून थोडं सांगते. त्या दिवशी म्हशींना धुऊन, अंगावरचे केस भादरून, शिंगं रंगवून, गळ्यात कवड्यांच्या माळा आणि डोक्यावर मोरपिसांचा तुरा घालून रस्त्यावर आणतात. मालक मोटरसायकलवर पुढं, सायलेन्सर काढलेली गाडी फाडफाड वाजतेय, आणि म्हैस मागनं पळतेय, दोरी नाही, काठी नाही. दोन्ही बाजूंनी अख्खं गाव. कुणाची म्हैस मालकाच्या मागं सरळ पळाली आणि कुणाची मधेच बुजून बोळात शिरली, याची चर्चा पुढच्या पाडव्यापर्यंत पुरते. पलीकडच्या गल्लीतले किसननाना हे आप्पांचे या बाबतीतले वैरी. बाकी वर्षभर दोघं एका कट्ट्यावर बसून तंबाखू मळायचे, पण दिवाळी जवळ आली की नाना म्हणणार, "औंदा माझी सुंदरी तुझ्या गुलाबला धूळ चारती का न्हाय बघ," आणि आप्पा नुसते हसणार.

मी कॉलेजात असताना एका वर्षी आमच्या घरात दोन नव्या गोष्टी आल्या, वहिनी आणि तिचा मोबाईल. वहिनी चंदगडची. पावसात वाढलेली, काजूच्या बागेत खेळलेली, आणि बोलायला लागली की प्रत्येक वाक्य झोक्यावर बसवल्यासारखं. आईला ती 'आत्ती' म्हणायची आणि मी लहान असूनसुद्धा मला 'आक्का'. घरात पाऊल टाकून पंधरा दिवस झाले नाहीत तोवर म्हणाली, "आक्का, आपण चॅनेल काढूया काय?" काढलं. नाव ठेवलं 'नणंद-भावजय बावडा'. पहिला व्हिडिओ ओल्या काजूच्या उसळीचा. मी मोबाईल धरलेला, त्यात अर्धा वेळ कढई आणि अर्धा वेळ माझा अंगठा. सतरा वेळा बघितला गेला, त्यातली सहा वेळा मी, पाच वेळा वहिनी. दुसरा चकलीचा, त्यात चकली तेलात फुटली आणि वहिनी ओरडली ते तेवढं चांगलं आलं. दादा म्हणाला, "तुमी दोघी लई भारी. पण एकमेकींनाच बघत बसा." आम्ही पंधरा दिवस त्याच्याशी बोललो नाही. खोटं कशाला सांगू, रोज सकाळी उठून आधी मी 'किती झालं' ते बघायची आणि तोंड पाडून चूळ भरायला जायची.

मग एक दिवस सहज, कशाचाही विचार न करता, कारखान्याच्या वाटेवर आप्पा गुलाबला सराव देत होते ते वहिनीनं टिपलं. पाडवा तेव्हा महिनाभर लांब होता. दोन्ही बाजूंना ऊस, मधनं रिकामा रस्ता, आप्पा गाडीवर बसलेले, पाठमोरे. गुलाब लांब ठिपक्याएवढी. आप्पांनी मान वळवली, "ये गं गुलाबे, य्योऽ य्यो य्यो!" आणि तो ठिपका मोठा मोठा होत धुरळ्यातनं आला, मोरपिसं लागल्यासारखी मान ताठ, आणि आप्पांच्या पाठीला नाक लावून उभा राहिला. अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ. वहिनीनं त्याला नाव दिलं, 'आमच्या सासऱ्यांची लाडकी'. संध्याकाळी भाकऱ्या होईपर्यंत तो आमच्या हातातनं गेला होता. राधानगरीच्या मामांनी पाठवला, मग दादाच्या कारखान्यातल्या गड्यांनी पाठवला, मग आमचाच व्हिडिओ आम्हालाच सातव्यांदा आला, त्यावर कुणीतरी ढोल बसवलेला. म्हशी उभ्या करून समोरच धार काढून देतात त्या दूधकट्ट्यावर प्यायला येणारे लोक ग्लास बाजूला ठेवून विचारायचे, "पावणं, त्यो य्यो य्यो तुमीच न्हवं?" आप्पा मिशीवरचा फेस पुसत म्हणायचे, "व्हय की, मीच." असं म्हणताना त्यांची छाती दोन बोटं पुढं यायची. आणि मी? मी तर हवेतच. कॉलेजात माझ्याशी कधी न बोललेल्या पोरी डब्यातली भाजी देऊ लागल्या.

यात चूक कुठं झाली ते सांगते. कुणीतरी त्यातली नुसती हाक कापून घेतली आणि फोनला लावली. आठ दिवसांत आमच्या गल्लीत, मग पलीकडच्या, मग अख्ख्या बावड्यात ज्याचा त्याचा फोन "ये गं गुलाबे" करू लागला. आम्ही खुळ्यासारख्या खूश. एकदा वाण्याच्या दुकानात तीन फोन एकदम वाजले तेव्हा वहिनी आणि मी पोट धरून हसलो. ज्या गोष्टीवर आप्पांनी मला लहानपणी गोठ्यात उभं केलं होतं, ती मी सगळ्या गावाच्या हातात दिली होती, आणि मला त्याचं भानसुद्धा नव्हतं.

कळलं ते शिंदे मास्तरांच्या नातीच्या बारशाला. गुलाब पाण्यावरून परत येत होती, मांडवात कुणाचा तरी फोन वाजला, आणि ही बाई दिमाखात मांडवात शिरली. बायका खुर्च्यांवर चढल्या, एकीच्या हातातलं घुगऱ्यांचं ताट उडालं, आणि गुलाब कुणाला काही न करता पाळण्यापाशी जाऊन उभी राहिली. वाट बघत. फोनवाल्यानं फोन बंद केला. तिनं त्याच्या हाताला हुंगलं, दुसऱ्या हाताला हुंगलं, आणि मग मान खाली घालून आपली आपण बाहेर गेली. लोक हसत होते, मीही हसले. पुढच्या दोन-तीन दिवसांत ती केशकर्तनालयाच्या दारात गेली, पोस्टमनच्या सायकलीमागं गेली, बँकेच्या पायऱ्या चढली. दर वेळी तसंच उभं राहणं, हुंगणं, परत येणं. मग एक दिवस ती जायची बंद झाली. आम्हाला वाटलं, शहाणी झाली.

पाडव्याला अकरा दिवस होते. आप्पा तिला घेऊन सरावाला गेले, मी आणि वहिनी मोबाईल घेऊन मागनं. आप्पांनी गाडी पुढं नेली, मान वळवली, हाक मारली. गुलाब बांधावर चरत होती. तिचा एक कान हलला. बस. आप्पांनी परत हाक मारली. तिनं गवताचा घास तोडला. तिसरी हाक मारताना आप्पांचा आवाज फाटला, तो मी आधी कधी ऐकला नव्हता. मग ते गाडीवरनं उतरून चालत तिच्याजवळ गेले, खडा दिला, कपाळावर हात ठेवला आणि तिथंच बांधावर बसले. मी जवळ गेले तर माझ्याकडं न बघता म्हणाले, "तिची काय चूक हाय? शंभर जणांनी फसवलं तिला. ते बी माझ्या आवाजानं." मी रडायला लागले. "आप्पा, मी केलं हे." ते म्हणाले, "तू एकटीनं न्हाय. मी बी छाती काढून हिंडत हुतो की." रागावले असते तर बरं झालं असतं. नवी हाक शिकवायची म्हटली तर वर्ष जातं, आणि हातात अकरा दिवस. तरण्या वयापासनं एकही पाडवा त्यांचा चुकला नव्हता. गुलाब आली नाही तर गावासमोर मान खाली जाणार ती त्यांची एकट्याची नव्हे, तिचीही, आणि हे माझ्यामुळं.

घरी येऊन मी पहिल्यांदा तो व्हिडिओ काढून टाकला. पण आमचा काढून काय उपयोग, तो सगळ्यांच्या खिशात होता. वहिनी म्हणाली, "आक्का, ज्या वाटेनं गेला त्याच वाटेनं मागं आणूया. लाईव्ह करूया." दुपारी गोठ्यातच बसलो. वहिनीनं मोबाईल धरला. मी काय बोलायचं ते लिहून काढलेलं, ते सगळं विसरले, आणि आमच्याकडच्या बायका बोलतात तसं सरळ बोलून गेले, "मी चुकलो. लई मोठी चूक झाली माझ्याकडनं. गुलाबला आता आप्पांची हाक खोटी वाटतीया. कृपा करून ती रिंगटोन काढा." खाली हसरी तोंडं येत होती, बदाम येत होते, पुण्याच्या एकानं 'चुकलो नाही, चुकले' असं लिहिलं. वहिनी चिडून म्हणाली, "ह्याला आधी गोठ्यात बांधा." तेवढ्यात आप्पा शेणाची पाटी घेऊन मधे आले. त्यांना वाटलं आम्ही फोटो काढतोय. मी म्हटलं, "आप्पा, लोक बघायलेत. बोला काहीतरी." त्यांनी पाटी खाली ठेवली, हात सदऱ्याला पुसले, आणि मोबाईलकडं न बघता गुलाबकडं बघत म्हणाले, "तिला माझ्या आवाजानं बोलवू नगासा. तिला खरं वाटतंय." आणि पाटी उचलून गेले. त्यानंतर कुणी हसरं तोंड पाठवलं नाही.

दुसऱ्या दिवसापासनं गोठ्यात माणसं यायला लागली. पोस्टमन आले, केशकर्तनालयवाला आला, शिंदे मास्तर स्वतः आले, बँकेतली एक बाई तर साडीचा पदर खोचून शेणातनं आली. प्रत्येकाच्या हातात गूळ. "आमी बी बोलवलं हुतं तिला," असं म्हणत खाली मान घालून उभे राहायचे. आप्पा प्रत्येकाच्या हातातनं तिला चिमूटभर द्यायला लावायचे, जास्त नको, पोट बिघडंल. उरलेल्या ढेपा आईकडं. त्या वर्षी आमच्या घरी करंजीसुद्धा गुळाची झाली आणि आई दर घाण्याला म्हणत होती, "चॅनेल काढलंय न्हवं, खावा आता."

गावानं रिंगटोन काढली, पण गुलाबचं मन काही वळलं नाही. आप्पांनी एकदाच पुन्हा हाक मारून बघितली. ती तीन पावलं आली, थांबली आणि इकडंतिकडं बघायला लागली, आता कुठल्या खिशातनं, असं. त्यानंतर आप्पांनी तिला हाक मारली नाही. तिच्याशी बोलणंही बंद केलं. तिला घेऊन नुसते चालायचे, पुढं आप्पा, मागं गुलाब, तोंडातनं शब्द नाही. सकाळी भिंतीपलीकडं नुसती धार वाजायची आणि मला उशीत तोंड खुपसून रडू यायचं. बोलायचं राहिलेलं सगळं मग ते आमच्याशी बोलायला लागले. जेवताना आईला म्हणाले, "खर्डा झ्याक झालाय." आईनं घाबरून त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला. किसननाना घरी आले, चहा घेतला आणि खरंच मायेनं म्हणाले, "औंदा ऱ्हाऊ दे. पुढच्या वर्षी बघू." आप्पा म्हणाले, "मी न्हाय उतरलो तर तिला वाटंल, तिच्यात काय खोट हाय. माझा आवाज गेला नाना, मी हाय न्हवं अजून. गाडी न्हाय, हाक न्हाय. चालत जातो पुढनं. आली तर आली." पाडव्याच्या सकाळी मला म्हणाले, "लाईव्ह कर." मी म्हटलं, मी आता जन्मात मोबाईल उचलणार नाही. ते म्हणाले, "जेवढ्यांनी ऐकलं तेवढ्यांनी बघू दे. भ्यायचं कशाला?"

दुपारी रस्ता माणसांनी फुललेला. गाड्या फाडफाड वाजतायत, हलगी कडकडतेय, रंगवलेली शिंगं उन्हात चमकतायत, फटाक्यांचा वास आणि शेणाचा वास एकत्र. नानांची सुंदरी नानांच्या गाडीमागं अशी पळाली की शिट्ट्यांनी कान बधिर झाले. मग आप्पांची पाळी. ते गुलाबला रस्त्याच्या त्या टोकाला सोडून चालत आले आणि मधोमध थांबले, तिच्याकडं पाठ करून. लोक कुजबुजायला लागले. तेव्हा नाना गाडीवरनं उतरले आणि दोन्ही हात वर करून ओरडले, "गाड्या बंद करा! हलगी बंद! ज्याचं तोंड उघडंल त्याला मी बघतो! गप ऱ्हावा की रं जरा!" आणि बावडा गप्प झाला. आमचा बावडा, जो मयतीलाही गप्प बसत नाही. मी मोबाईल धरून आप्पांच्या समोर उभी. खाली भराभर अक्षरं येऊ लागली, 'आवाज येत न्हाय', 'ताई, माईक बंद हाय', 'आवाज करा की'. वहिनीनं माझ्या हातावरनं बोट घालून लिहिलं, 'आवाज चालू हाय. गाव गप्प हाय.'

आप्पा चालायला लागले. मागं गुलाब हलली. एक पाऊल, दुसरं, पायातले घुंगरू वाजताना ऐकू येत होते. निम्मा रस्ता झाला असेल आणि गर्दीतनं आवाज आला, "ये गं गुलाबे, य्योऽ य्यो य्यो!" फोन होता नानांच्या जावयाचा. दिवाळीला इचलकरंजीहून आलेला पाहुणा, त्याला बिचाऱ्याला काय माहीत. तो खिसे चाचपतोय, फोन सापडेना, आणि नाना लालबुंद, पण पाडव्याला जावयाला बोलायचं कसं! हाक वाजतच राहिली. आप्पांचाच आवाज, महिन्यापूर्वीचा, छाती पुढं असतानाचा. गुलाब थांबली. तिनं मान वळवून त्या आवाजाकडं बघितलं. मग पुढं, आप्पांच्या पाठीकडं बघितलं. आप्पा वळले नाहीत, थांबले नाहीत, फक्त चालत राहिले, पण त्यांचे ओठ घट्ट मिटलेले आणि डोळ्यांतनं धारा लागलेल्या मला समोरून दिसत होत्या. फोन वाजत होता. आणि गुलाब त्या फोनसमोरून, आप्पांच्या त्या खणखणीत हाकेसमोरून, सरळ पुढं निघून गेली आणि गप्प माणसाच्या पाठीला नाक लावून उभी राहिली.

पुढं जे झालं ते व्हिडिओत नाही. माझा हात खाली गेला होता, त्यात शेवटी नुसती माझी चप्पल आणि रस्ता दिसतो, आणि गावाचा आरडाओरडा. पण त्या आरड्याच्या आधी, एका श्वासाएवढ्या वेळात, आप्पा वळले आणि तिच्याशी बोलले. इतक्या दिवसांनी. मी दोन हातांवर होते म्हणून मला तेवढं ऐकू आलं.

"आलीस व्हय?" असं म्हणाले.